क्रोमच्या आधी टायर

[दृश्य: पुणे, नाना पेठ. शटर वर जातायत. दारांत टांगलेली हँडलं, आरसे, सायलेन्सर.]

नाना पेठेत दुचाकीचा मागाल तो पार्ट मिळतो. नवा मिळतो, जुना मिळतो, आणि "ओरिजिनलसारखाच आहे, दादा" असं ज्याबद्दल सांगतात तोही मिळतो. सुट्टीच्या दिवशी इथे येणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर एक फोटो हमखास असतो. कॅलिफोर्नियातली एखादी चॉपर, म्हणजे कापून-जोडून रूप बदललेली मोटरसायकल, लांबलचक फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्या), मागे पिंपाएवढं टायर. फोटो दुकानदारापुढे धरायचा आणि विचारायचं, "अशी होईल का?"

होईल. पण कशाच्या बदल्यात, ते गॅरेजात गेल्यावर कळतं.

आज आपल्यासमोर आहे अ‍ॅव्हेंजर २२०. हिचं मूळ आहे २००१ ची एलिमिनेटर. आकुर्डीच्या बजाजने कावासाकीबरोबर आणलेली, १७५ सीसीची, बुटकी आणि लांब. रस्त्यावर लोक वळून बघायचे, पण खिशाला ती जड होती. मग २००५ मध्ये त्याच रूपात पल्सरचं १८० सीसीचं इंजिन बसवून अ‍ॅव्हेंजर आली. २००७ मध्ये २०० झाली, २०१० मध्ये २२०. आयटीतला पोरगा असो की साताऱ्याचा दूध डेअरीवाला, क्रूझर, म्हणजे मागे रेलून आरामात चालवायची गाडी, म्हणून अनेकांनी पहिल्यांदा हात लावला तो हिलाच.

ताकद साधारण १९ अश्वशक्ती. सीट जमिनीपासून साडेसातशे मिलीमीटरच्या आत, त्यामुळे कमी उंचीच्या माणसाचेही दोन्ही पाय टेकतात. पुढे १७ इंची चाक, मागे १५ इंची. सांगाडा उघडा, मागे दोन शॉकअप, जुन्या मॉडेलला हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर. ज्याला गाडी खोलून बघायची हौस आहे, त्याच्यासाठी यात लपवलेलं फारसं काही नाही. सेकंडहँड बाजारातही मिळते. म्हणूनच ही गाडी वारंवार कापली जाते, रंगवली जाते आणि पुष्कळदा बिघडवलीही जाते.

[दृश्य: गॅरेज. गाडी स्टँडवर. मिस्त्री मागचं चाक हाताने फिरवतोय.]

गिऱ्हाइकाची पहिली मागणी ठरलेली असते. आवाज. पुंगळी, म्हणजे सायलेन्सरच्या आतली आवाज दाबणारी नळी, काढायची, नाहीतर धूर मोकळा सोडणारा फ्री-फ्लो सायलेन्सर लावायचा. मिस्त्री हसतो. "आवाजाने गाडी पळत नाय, दादा. पळाल्यासारखी वाटते."

त्याचं बरोबर आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीला नुसता मोकळा सायलेन्सर लावला की हवा जास्त होते, पेट्रोल तितकंच राहतं. मिश्रण पातळ होतं. प्लग काढून बघितला तर टोक पांढरं पडलेलं दिसतं, आणि थ्रॉटल सोडल्यावर जे फटाके फुटतात ते ताकदीचे नसतात. न जळलेलं पेट्रोल पाइपात जाऊन पेटत असतं. कार्ब्युरेटरमध्ये मोठा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) टाकून हे सावरता येतं, पण मग अ‍ॅव्हरेज पडतं. एप्रिल २०२० पासूनच्या, कडक प्रदूषण-नियमांच्या बीएस-सिक्स गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आहे, पाइपात ऑक्सिजन सेन्सर आहे, धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर आहे. तो पाइपच काढून फेकला की इंजिनाचा मेंदू चुकीच्या माहितीवर पेट्रोल मोजत बसतो. एवढं करून पदरात काय? सव्वादोनशे सीसीच्या एका सिलिंडरात फरक पडलाच तर थोडा पडतो. तो जाणवण्याआधी सोसायटीच्या वॉचमनला जाणवतो.

मग अशा गाडीत सुधारायचं काय? माझं उत्तर कंटाळवाणं आहे: टायर, ब्रेक, शॉकअप. या क्रमाने.

[दृश्य: टायरच्या बाजूवरचे आकडे, अगदी जवळून.]

हे आकडे बघा. १३०/९०-१५. म्हणजे टायर १३० मिलीमीटर रुंद, उंची रुंदीच्या ९० टक्के, आणि १५ इंची रिम. गणित केलं तर चाकाचा एकूण व्यास ६१५ मिलीमीटर येतो. आता हौशी माणूस म्हणतो, १५०/८० टाक. व्यास ६२१. उंचीत फक्त सहा मिलीमीटरचा फरक, म्हणजे एक टक्का. कागदावर सगळं ठीक.

पण रुंदी वीस मिलीमीटरने वाढली. दोन्ही बाजूंना दहा-दहा. मिस्त्री टायर आणि मागचं चाक धरणारा चिमटा यांच्यामध्ये बोट घालून दाखवतो. डाव्या बाजूला चेन आहे. खड्ड्यात चाक थोडं हललं, चेन थोडी ढिली असली, की टायरची कड चेनला घासणार. काही जण सॉकेटला (स्प्रॉकेट, चेनचं दातेरी चाक) वॉशर लावून चेन बाहेर ढकलतात. मग पुढचं आणि मागचं सॉकेट एका रेषेत राहत नाही आणि नवी चेन बघता बघता खाऊन जाते.

रिमही तीच असते, अरुंद. रुंद टायर तिच्यात आवळलं जातं आणि वरून फुगतं. जमिनीला टेकणारा भाग वाढेल म्हणून पैसे मोजले, तो सरळ रस्त्यावर आणखी निमुळता झाला. शिवाय रुंद टायरची गाडी त्याच वळणावर त्याच वेगाला जास्त कलवावी लागते. क्रूझरचे फूटरेस्ट आधीच खाली. ताम्हिणीत एखाद्या वळणावर ते रस्त्याला घासले की खर्राट ऐकू येते, आणि पहिल्यांदा ऐकणारा माणूस घाबरून ब्रेक दाबतो. नको तिथे.

म्हणून मूळ मापाचं, चांगल्या रबराचं टायर घ्या. ताजं आहे की नाही तेही बघा. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुना माल स्वस्तात मिळतो, पण तो पहिल्या पावसात कळतो.

[दृश्य: हँडल बदलण्याचं काम. केबल लोंबकळतायत.]

हँडलमध्ये दिखावा आणि चालवणं एकमेकांत गुंतलेलं आहे. उंच हँडल लावलं की हात वर जातात, छाती पुढे येते, फोटो झकास. पण हँडलबरोबर चार गोष्टी लांबतात: क्लचची केबल, थ्रॉटलची केबल, ब्रेकचा होज आणि वायरिंग. पहिल्या तिघांना लांब मापाचं नवीन लागतं. वायरिंगला जोड देता येतो, पण पीळ मारून टेप गुंडाळलेला नाही, सोल्डर केलेला.

आता ही चाचणी बघा. मिस्त्री हँडल पूर्ण डावीकडे वळवतो, मग पूर्ण उजवीकडे, इंजिन चालू ठेवून. इंजिनाचा आवाज वाढला तर थ्रॉटलची केबल ताणली जातेय. ब्रेकचा होज कुठेही ताठ होता कामा नये. दोन मिनिटांचं काम. घाईत डिलिव्हरी देताना नेमकं हेच राहून जातं.

शॉकअपबद्दल फार बोलायला नको. मागचे बदलायचे तर उंची मूळचीच ठेवा, कारण मागची बाजू खाली-वर झाली की पुढच्या फोर्कचा कोन बदलतो आणि गाडी सरळ धावण्याच्या सवयीत फरक पडतो. पुढच्या फोर्कचं ऑइल कित्येक मालकांनी गाडी घेतल्यापासून बदललेलं नसतं. ते बदला, सील बदला, कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) तपासा. नव्या लाइटच्या खर्चात हे सगळं बसतं आणि गाडी वेगळी वाटायला लागते. लाइट लावायचेच असतील तर रिले (बॅटरीचा करंट वेगळ्या वायरने नेणारा स्विच) टाकून. १०० वॉटचा बल्ब मूळ होल्डरमध्ये बसवला की होल्डर वितळतो. ब्रेकला नवीन डॉट फोर ऑइल आणि चांगले पॅड. एबीएसवाल्या (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीचं चाक बदलताना सेन्सरची दातेरी रिंग विसरायची नाही.

[दृश्य: टाकी वेगळी काढलेली. पेंटर पॉलिश पेपर ओला करून घासतोय.]

आणि आता ज्यासाठी तुम्ही थांबलात तो भाग. रंग.

टाकीवरचा पोचा आधी डेंटर काढतो, उरलेल्या खळग्यात लांबी (पुट्टी) भरतात. लांबी जाड भरली की वर्षभरात तडकते, म्हणून चांगला पेंटर पत्र्यावर जास्त वेळ घालवतो. मग प्रायमर, घासणे, पुन्हा प्रायमर. कँडी, म्हणजे आतून चमकणारा रंग हवा असेल तर खाली चंदेरी थर, त्यावर पारदर्शक रंगाचे पातळ हात, शेवटी क्लिअर. प्रत्येक हातागणिक रंग गडद होत जातो. त्यामुळे टाकी आणि मडगार्ड एकाच बैठकीत मारले नाहीत तर दोघांचा लाल वेगळा दिसतो. फोटोत दिसत नाही, उन्हात दिसतो.

सांगाड्याला पावडर कोटिंग होतं, पण त्यासाठी भट्टीत जवळजवळ दोनशे अंशांची उष्णता लागते. बेअरिंग, रबर, वायर, सगळं आधी उतरवावं लागतं. क्रोमला मात्र आपल्या पावसाळ्यापुढे मर्यादा आहे. खाली तांबं आणि निकेलचे थर नीट दिलेले नसतील तर कोकणात दोन पावसाळ्यांत ते सोलून निघतं. मॅट काळा जास्त टिकतो, आणि माझ्या डोळ्याला बराही दिसतो.

[दृश्य: मागच्या चाकाशेजारची जाळी, पाना लागतोय.]

बॉबर, म्हणजे जास्तीचे भाग काढून सुटसुटीत केलेली गाडी, करायची म्हटलं की सगळ्यात आधी ही जाळी जाते. साडी गार्ड. मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे: मागे बसणाऱ्याला धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नसलेला भाग झाकणारं कवच. ते काढलं की नियम मोडला. फोर्क लांब करायला सांगाड्याची मान कापणं तर दूरच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितलं की कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी रचना करता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाजाचंही तसंच. १७५ सीसीवरच्या दुचाकीला कंपनीतल्या चाचणीतच ८० डेसिबलची मर्यादा आहे. पुंगळी काढून त्या मर्यादेत कोण राहतं?

सीट, ग्रिप, आरसे, विंडशील्ड, बॅग अशी साधी सजावट, यावर सहसा कुणी अडवत नाही. रंग पूर्ण बदलला तर तो आरटीओत जाऊन आरसीवर नोंदवून घ्यायचा, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवायचं. नाहीतर आरसीवर काळी आणि रस्त्यावर लाल अशी गाडी अपघातानंतर क्लेमच्या टेबलावर अडकते.

[दृश्य: तयार गाडी रस्त्यावर. मागून मिस्त्रीचा आवाज.]

गाडी नेताना मिस्त्री एवढंच सांगतो, "शंभर किलोमीटर झाले की परत आणा. नट आवळायचे राहतात."