मुलांचा थकवा मोजायचा कसा?

श्रोतेहो, नमस्कार.

कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाचे वजन, ताप आणि रक्तातील पेशी यांची नोंद प्रत्येक भेटीत होते. मात्र त्या मुलाला दिवसभर छळणारा थकवा केसपेपरवर बहुधा कुठेच लिहिलेला नसतो. त्याला कारणही आहे. थकवा दाखवणारी रक्ताची तपासणी नाही. हिमोग्लोबिन उतरले की थकवा येतो हे खरे, पण ते समाधानकारक असतानाही मूल अंथरूण सोडत नाही, असेही घडते. रक्ताच्या कर्करोगात दिले जाणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड झोप बिघडवते, डोक्याला रेडिएशन दिल्यानंतर काही आठवड्यांनी काही मुले विलक्षण झोपाळू होतात, आणि जंतुसंसर्ग, तुटलेली भूक, वॉर्डात रात्री-अपरात्री होणारी तपासणी व मनातली धास्ती यांची त्यात भर पडते. म्हणून थकवा मोजायचा तर मुलाला विचारावेच लागते, आणि ते ठरलेल्या रीतीने विचारावे लागते.

अशी एक रीत अमेरिकेतील जेम्स वार्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केली. पेड्सक्यूएल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी ही थकव्याची प्रश्नावली असून तिच्यात १८ प्रश्न आहेत: सहा अंगातल्या त्राणाविषयी, सहा झोप आणि विश्रांतीविषयी, आणि सहा लक्ष लागणे, आठवणे, विचार करणे यांविषयी. हा तिसरा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण उपचारांनंतर शाळेत परतलेल्या मुलाला वाचलेले ध्यानात राहत नाही, तेव्हा त्याला आळशी ठरवले जाते आणि त्यामागे थकवा असेल हे कोणाच्या मनातही येत नाही. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी उत्तरे सोपी करून चेहऱ्यांची चित्रे वापरली जातात. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी मात्र फक्त पालकांनाच विचारले जाते. गुण शून्य ते शंभर असतात आणि जितके गुण अधिक तितका थकवा कमी, हे वाचणाऱ्याने आधीच ध्यानात ठेवलेले बरे. नाहीतर सुधारलेले मूल खालावले असे वाटायचे.

आता खरी अडचण. मूल आणि आई यांची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत. मूल ‘बरं आहे’ म्हणते, कारण खरे सांगितले तर दवाखान्यात ठेवून घेतील अशी त्याला भीती असते; आणि रात्रभर जागलेल्या आईला मूल आहे त्याहून अधिक गळालेले दिसू शकते. माझे मत असे की, मूल पाच वर्षांचे झाले असेल तर आधी त्यालाच विचारावे, आईने शेजारून उत्तर सुचवू नये, आणि दोघांची उत्तरे वेगवेगळी लिहावीत. त्यांची सरासरी काढली तर दोघांचेही म्हणणे हरवते.

आपल्या सोलापुरात आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. शहराच्या पूर्व भागातले मूल घरी तेलुगू बोलते, अक्कलकोटकडचे कन्नड. त्याला थकव्याबद्दल घरच्या भाषेतच विचारायला हवे. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय जवळ असले तरी बरीच कुटुंबे सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईच्या टाटा रुग्णालयात पोहोचतात, आणि तिथे सकाळी विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात रात्रीचे जागरणही मिसळलेले असते. पारा चाळिशी ओलांडणाऱ्या मे महिन्यातली नोंद जानेवारीतल्या नोंदीशी ताडून पाहतानाही हेच भान हवे.

मोजून उपयोग काय, असे कोणी विचारील. पहिला उपयोग असा की, रक्तक्षय, संसर्ग किंवा कुपोषण यांसारखे दूर करता येण्याजोगे कारण वेळेवर शोधता येते. दुसरे असे की, मुलांच्या थकव्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सरसकट औषधे देण्यापेक्षा शारीरिक हालचालीला पसंती देतात. आपल्याकडे मायेपोटी मुलाला खाटेवरून उतरू दिले जात नाही. पण सतत पडून राहिल्याने स्नायू आणखी दुबळे होतात आणि थकवा वाढतो. डॉक्टरांना विचारून, रक्तातील पेशींचे प्रमाण पाहून, अंगणातल्या चार फेऱ्यांपासूनही सुरुवात करता येते.

घरी एक साधी वही ठेवावी. रोज संध्याकाळी जेवणाआधी, ठरलेल्या वेळी, मुलाला शून्य ते दहामध्ये आज किती दमलास ते विचारावे आणि दमल्यामुळे आज काय सोडून दिले तेही लिहावे: खेळ, अभ्यास की जेवण. केमोथेरपीचा दिवस आणि स्टेरॉइडचे दिवस त्याच पानावर नोंदवावेत, म्हणजे पुढच्या भेटीत डॉक्टरांना चढउतार दिसतील. मात्र केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, धाप लागली, कुठून रक्त येऊ लागले किंवा मूल हाक मारूनही नीट जागे होईना, तर वहीत लिहीत बसू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.