फ्लेक्सवरचे सहा आणि उरलेली तुकडी

(ग्रामीण महाविद्यालयांतील अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक आणि वर्गशिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

निकाल लागला की महाविद्यालयाच्या फाटकावर फ्लेक्स लागतो. त्यावर सहा-सात चेहरे असतात. विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत आलेली एखादी मुलगी, भरतीत लागलेले दोघे-तिघे, कुस्तीतला एखादा कलर होल्डर म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेला, आणि सगळ्यांच्या वर संस्थेचे पदाधिकारी. फ्लेक्सला माझा विरोध नाही. गावातल्या मुलीचं नाव चौकात झळकलं तर तिच्या धाकट्या बहिणीचं शिक्षण थांबवणं घरच्यांना जड जातं, एवढा उपयोग त्याचा आहेच. पण हे सहा ज्या तुकडीतून आले, तिच्यात तीन वर्षांपूर्वी किती जण होते आणि बाकीचे आज कुठे आहेत, असं कार्यालयात विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मला त्या बाकीच्यांविषयी बोलायचं आहे.

आधी निकालाचा आकडा घेऊ. समजा, कला शाखेच्या प्रथम वर्षाला १२० प्रवेश झाले. तृतीय वर्षाला ७४ उरले, शेवटच्या सत्राच्या परीक्षेला ६८ बसले, ६१ पास झाले. आपण ६१ ला ६८ ने भागतो आणि ८९.७ टक्के निकाल जाहीर करतो. तेच ६१ मूळ १२० शी ताडून पाहिले तर ५०.८ टक्के येतात. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला विद्यापीठाला आणि नॅकला, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेला लागतो, तो द्यावाच. दुसरा कुणी मागत नाही म्हणून आपण काढतच नाही. या दोन आकड्यांच्या मध्ये ५९ मुलं आहेत : ४६ तृतीय वर्षापर्यंत पोहोचलीच नाहीत, ६ परीक्षेला बसली नाहीत, ७ नापास झाली.

हा हिशोब करताना दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे, तृतीय वर्षाच्या ७४ मध्ये दुसऱ्या महाविद्यालयातून आलेली मुलंही धरली जातात. ती मूळ १२० मधली नव्हेत, त्यांची यादी वेगळी ठेवा, नाहीतर गळती कमी दिसते. दुसरी चूक एटीकेटीवाल्यांची. विषय राहिलेला मुलगा पुढच्या सत्रात पास होतो, पण आपल्या कागदावर तो कायम नापासच राहतो. म्हणून तुकडीची नोंद प्रत्येक सत्राच्या निकालानंतर, म्हणजे वर्षातून दोनदा, उघडून दुरुस्त करायची. एकदा भरून कपाटात ठेवलेलं रजिस्टर दुसऱ्याच वर्षी खोटं बोलू लागतं.

आता ते ४६. हजेरीपटावर त्यांच्यापुढे एवढंच लिहिलेलं असतं : ‘गैरहजर, नाव कमी’. खरं म्हणजे ही एकाच प्रकारची मुलं नव्हेत. कुणी आयटीआयला गेलं, कुणी नर्सिंगला, कुणी तालुक्याच्या महाविद्यालयात. काहींच्या घरचे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडले आणि मागे गुरंढोरं सांभाळायला मुलगा राहिला. काही मुलींची लग्नं झाली. आणि काही जण नोकरीला लागले. अग्निवीरासाठी वयाची अट साधारण साडेसतरा ते एकवीस. म्हणजे नेमकं प्रथम आणि द्वितीय वर्षाचं वय. पोलिस शिपाई पदाला बारावी पास पुरते. त्यामुळे आपल्या मैदानावर सगळ्यात चांगला पळणारा मुलगा बहुधा पदवीआधीच जातो. एकच मुलगा फ्लेक्सवर यश म्हणून असतो आणि रजिस्टरात गळती म्हणून. दोन्ही ठिकाणी त्याच्याबद्दल अर्धंच सांगितलेलं असतं.

म्हणून तुकडीवार रजिस्टर ठेवा. वर्षवार नको, तुकडीवार. ज्या साली प्रवेश, त्या सालचं एक पुस्तक किंवा एक एक्सेल शीट, आणि ती तुकडी बाहेर पडून तीन वर्षं होईपर्यंत ते बंद करायचं नाही. ओळखीसाठी पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक घ्या, सोबत एबीसी क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट (श्रेयांक) जमा होतात त्या खात्याचा. नावावर विसंबू नका, लग्नानंतर मुलीचं आडनाव बदलतं आणि यादीत ती दोनदा येते किंवा हरवते. मोबाइल नंबर दोन घ्या, त्यातला एक मामा, मोठा भाऊ असा घराबाहेरच्या किंवा स्थिर माणसाचा. प्रवेश अर्जावरचा नंबर पुष्कळदा वडिलांचा असतो किंवा अर्ज भरणाऱ्या सायबर कॅफेवाल्याचा, आणि हे आपल्याला तीन वर्षांनी कळतं. बारावीचे गुण लिहा. ‘घरात याआधी कुणी पदवीधर आहे का’ हा एक रकाना ठेवा. पुढे सत्रवार निकाल, महाविद्यालय सोडल्याची तारीख, कारण. शेवटी तीन रकाने : सुटल्यावर सहा महिन्यांनी काय करतो, एका वर्षाने काय, तीन वर्षांनी काय.

ही माहिती मिळवायची कशी? गूगल फॉर्म पाठवून बसू नका. फॉर्म भरतात ते ज्यांचं बरं चाललंय ते. ज्याला नोकरी नाही तो लिंक उघडत नाही, आणि मग आपल्या आकड्यात सगळीकडे आनंदीआनंद दिसतो. त्यापेक्षा मुलं स्वतःच्या कामासाठी कधी येतात ते पाहा. शेवटच्या परीक्षेनंतरही गुणपत्रक न्यायला, टीसी काढायला, पदवी प्रमाणपत्रासाठी, असा विद्यार्थी दोन-तीनदा कार्यालयाच्या खिडकीवर येतो. त्या खिडकीवरच पाच ओळींचा छापील कागद ठेवा आणि लिपिकाने तो समोर भरून घ्यावा. उरलेल्यांना फोन. १२० ची तुकडी आठ शिक्षकांत वाटली तर माणशी पंधरा फोन होतात, दहा मिनिटांचा एक धरला तर अडीच तास. वर्षातून एकदा अडीच तास काढता येत नाहीत असा शिक्षक विरळा. फोन मात्र ज्याने त्या मुलाला शिकवलंय त्यानेच करावा. अनोळखी आवाजाला ‘चाललंय’ याच्यापलीकडे उत्तर मिळत नाही.

ज्याचा पत्ता लागला नाही त्याच्यापुढे ‘माहिती नाही’ लिहा. अंदाजाने ‘शेती’ लिहायची एक वाईट सवय आपल्याकडे आहे, मुलींच्या बाबतीत ‘गृहिणी’. २५ जणांची माहिती नसेल तर ‘९५ पैकी इतके’ असं छापा आणि २५ चा आकडाही शेजारी छापा.

पुराव्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण नॅकच्या पाचव्या निकषात, विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती या भागात, घोळ होतो तो इथेच. पुढच्या शिक्षणासाठी नव्या संस्थेचं बोनाफाईड, ओळखपत्र किंवा फीची पावती घ्या. नोकरीसाठी नेमणूक पत्र. खासगी कंपनीत कंत्राटी कामाला लागलेल्या मुलाकडे नेमणूक पत्र नसतंच, तेव्हा पगाराची पावती किंवा कंपनीचं ओळखपत्र मागा. स्वतःचा धंदा असेल तर उद्यम नोंदणी, गुमास्ता, खाद्यपदार्थांचं काम असेल तर अन्न परवाना. शेतीचा प्रश्न सगळ्यात अवघड. सातबारा बहुधा वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतो, त्यावरून मुलगा शेती करतो हे सिद्ध होत नाही. रोपवाटिका, दूध संकलन, शेतकरी उत्पादक कंपनीतलं सभासदत्व असं काही असेल तर त्याचा कागद घ्या, नसेल तर तुमच्या रजिस्टरात खरी नोंद ठेवा आणि नॅकच्या आकड्यात ती ओढूनताणून बसवू नका. एम.ए.ला प्रवेश घेऊन नोकरीही करणारा विद्यार्थी एकदाच मोजायचा. दोन रकान्यांत दोनदा आला की बेरीज तुकडीपेक्षा मोठी होते आणि पडताळणीत सगळा तक्ता संशयात जातो.

खेळ आणि कलेतल्या यशाचंही तसंच आहे. कबड्डीच्या संघाला पदक मिळालं तर पारितोषिक एक, बारा नव्हे. सहभागाचं प्रमाणपत्र हे पारितोषिक नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवड झाली असेल, अश्वमेध (क्रीडा), इंद्रधनुष्य (कला) किंवा आविष्कार (संशोधन) या राज्यस्तरीय स्पर्धांत विद्यार्थी विद्यापीठाकडून गेला असेल, तर निवडीचं पत्र त्याच आठवड्यात फाईलला लावा. पाच वर्षांनी मूल्यांकनाच्या वेळी क्रीडा संचालक बदललेले असतात आणि मूळ प्रमाणपत्र मुलाच्या घरी भिंतीवर असतं.

आणखी एक सांगतो, थोडं कडू आहे. ‘विद्यापीठात प्रथम’ असं लिहिताना त्या विषयाला किती विद्यार्थी होते तेही लिहावं. तीस जणांत पहिला आणि तीन हजारांत पहिला यांत फरक आहे, आणि मुलालाही तो माहीत असतो. छोट्या विभागांच्या टक्क्यांनाही असंच जपा. विभागात नऊच मुलं असतील तर एक मुलगा म्हणजे ११ टक्के. एका वर्षी निकाल ११ टक्क्यांनी घसरला म्हणून प्राचार्यांनी विभागप्रमुखाला नोटीस काढण्यात अर्थ नाही. अशा विभागाचा पाच वर्षांचा एकत्रित आकडा पाहावा. माझ्या मते छोट्या महाविद्यालयाचं काम दाखवणारा सगळ्यात प्रामाणिक तक्ता एकच : डावीकडे बारावीचे गुण, उजवीकडे पदवीचे. पंचेचाळीस टक्के घेऊन आलेली, घरातली पहिली शिकणारी मुलगी साठ टक्क्यांनी बाहेर पडली, हे गुणवत्ता यादीत कधीच येत नाही.

स्पर्धा परीक्षांच्या श्रेयावर वाद होतात. पदवीनंतर पाच वर्षं शहरात अभ्यासिकेत काढून मुलगा राज्यसेवेत जातो, मग अकादमीही त्याचा फोटो लावते आणि आपणही. लावा, पण महाविद्यालयाने नेमकं काय दिलं ते सांगता आलं पाहिजे. पोलिस भरतीत ते सांगता येतं. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० ची. मैदानात मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. गोळा मुलांना ७.२६ किलोचा, मुलींना ४ किलोचा. हे दोन गोळे, चुन्याने नीट मोजून आखलेला ट्रॅक आणि एक स्टॉपवॉच एवढं साहित्य कुठल्याही महाविद्यालयाला परवडतं. ट्रॅक २०० मीटरचा असेल तर १६०० ला आठ फेऱ्या होतात, ४०० मीटरच्या ट्रॅकपेक्षा वळणं दुप्पट येतात आणि वेळ जास्त लागतो, मुलगा उगाच खचतो. हे त्याला आधी सांगा. लेखीत गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण असतं. व्याकरण शिकवायला बाहेरची अकादमी लागत असेल, तर आपल्या मराठी विभागाने ती नामुष्की समजावी.

माजी विद्यार्थी संघाचं थोडक्यात. नोंदणी धर्मादाय कार्यालयात, किमान सात सभासद. नोंदणी बहुतेकांनी केलेली असते, अडतं पुढे. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो राहतो. मग कागदोपत्री जुनेच पदाधिकारी, त्यातला एक परराज्यात, बँकेत सही कुणाची चालेना आणि आलेली देणगी खात्यात अडकलेली. वार्षिक लेखापरीक्षण आणि बदल अर्ज हे दोन दिवस कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. आणि २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे महाविद्यालय विकास समितीवर माजी विद्यार्थी असतो, तिथे संस्थाचालकांचा नातेवाईक शोधण्यापेक्षा या रजिस्टरातून माणूस निवडा.

शेवटचा मुद्दा मधूनच सोडून जाणाऱ्यांचा, कारण नव्या शैक्षणिक धोरणाने त्यांच्यासाठी दार ठेवलंय आणि आपण ते त्यांना दाखवत नाही. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट पूर्ण करून, शिवाय ४ क्रेडिटचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली तर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनी पदविका. हे ४ क्रेडिट राहिले तर वर्षभर शिकूनही मुलगा रिकाम्या हाताने जातो. त्यामुळे भरतीच्या तयारीतल्या मुलांना, लग्न ठरलेल्या मुलींना ही गोष्ट दुसऱ्या सत्राची परीक्षा होण्याआधी सांगायला हवी, नंतर सांगून उपयोग नाही. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. सैन्यात गेलेल्याला नियमित वर्गात येणं शक्य नसेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा रस्ता आहे. म्हणजे ते ४६ जणांचं पान ही फोन करायची यादी आहे. प्रवेश सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, तीन वर्षांच्या आतली नावं वेगळी काढा, एबीसी खात्यात कुणाचे किती क्रेडिट जमा आहेत ते पाहा, आणि सर्वांत कमी क्रेडिट उरलेल्या मुलीच्या घरी पहिला फोन करा.