मॅग्नेशिअमची राख जड का होते?

ही मॅग्नेशिअमची फीत. करड्या चंदेरी रंगाची, बोटानं वाकवली की वाकते. तराजूवर ठेवली, वजन आलं २.४ ग्रॅम. अशाच दुसऱ्या फितीचा एक छोटा तुकडा चिमट्यात धरून बर्नरवर नेतोय, आणि... पेटला. थेट या उजेडाकडे बघायचं नाही बरं का, डोळ्याला खरंच इजा होते, वर्गात करणार असाल तर हे आधी सांगा आणि मगच पेटवा.

तर मागे काय उरलं, पांढरी भुकटी. आता मी विचारलं की ही राख मूळ फितीपेक्षा हलकी असेल की जड, तर दहातले नऊजण हलकी म्हणणार आणि त्यात त्यांची काही चूक नाही, कारण आयुष्यभर आपण कागद जळताना बघितलाय, लाकूड जळताना बघितलंय, मेणबत्ती तर जळता जळता संपूनच जाते. जळणं म्हणजे कमी होणं हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

मग नीट मोजू या. फीत उघड्यावर जाळली तर अर्धी राख धूर होऊन उडते आणि वजन चुकतं, म्हणून मुशीत, म्हणजे भट्टीची उष्णता सोसणाऱ्या छोट्या भांड्यात ठेवायची, वर झाकण, आणि मधून मधून झाकण किंचित उचलायचं म्हणजे हवा आत जाईल पण धूर बाहेर येणार नाही. सगळी जळली की थंड करून वजन. हिशेबानं २.४ ग्रॅमचे ४ ग्रॅम व्हायला पाहिजेत. खरं सांगायचं तर प्रयोगात बहुतेक वेळा जरा कमीच येतात, कारण थोडा धूर निसटतोच आणि थोडं मॅग्नेशिअम हवेतल्या नायट्रोजनशीही जोडलं जातं, पण २.४ पेक्षा जास्त येतात हे नक्की.

हे वरचे १.६ ग्रॅम आले कुठून?

या प्रश्नानं मोठमोठ्या माणसांना चकवलंय. अठराव्या शतकात जळण्याचं स्पष्टीकरण असं होतं की जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचा पदार्थ असतो आणि जळताना तो बाहेर पडतो. कागदाला, लाकडाला हे छान लागू पडायचं. पण धातू तापवला की वजन वाढायचं, आणि बाहेर काहीतरी गेलं तर वजन वाढेल कसं? त्याच्याही आधी रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञानं कथील काचेच्या बंद भांड्यात तापवलं, मग भांडं उघडलं, हवा सुं करून आत शिरली तीही त्यानं ऐकली, आणि त्यानंतर वजन केलं. वजन वाढलेलं होतं. १६७३ साली त्यानं लिहून ठेवलं की आगीचे कण काचेतून आत गेले असणार. उत्तर त्याच्या कानाशी सुं करून गेलं होतं आणि तरी निसटलं, मला ही गोष्ट दरवेळी चटका लावते.

शंभर वर्षांनी, १७७४ च्या सुमारास, पॅरिसमध्ये आंत्वान लव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञानं तोच प्रयोग केला, फक्त वजन भांडं उघडायच्या आधी केलं. तापवण्यापूर्वी बंद भांड्याचं वजन जेवढं, तापवल्यावर बंद भांड्याचं वजन तेवढंच. म्हणजे आग काचेतून आत आली वगैरे काही नाही. मग भांडं उघडलं, हवा आत शिरली, आणि आता वजन वाढलं. कथिलानं आतल्या हवेचा काही भाग, म्हणजे ऑक्सिजन, स्वतःशी जोडून घेतला होता, तेवढी जागा रिकामी झाली होती आणि ती भरायला बाहेरची हवा आली. झाकण कधी उघडायचं एवढाच फरक, बाकी प्रयोग तोच! त्याच्या प्रयोगशाळेतली उपकरणं आज आपल्याला नीट माहितीयत ती त्याची बायको मारी-आन हिच्यामुळे, १७८९ साली आलेल्या त्याच्या ग्रंथातली चित्रं तिनं स्वतः काढलीयत.

कागदाचंही तसंच आहे, फक्त उलट बाजूनं. कागद जळतो तेव्हा तोही ऑक्सिजन घेतो, पण तयार होतात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ, दोन्ही हवेत निघून जातात आणि आपल्या हातात चिमूटभर राख उरते. सगळं एका बंद भांड्यात कोंडून मोजलं तर काटा हलत नाही. पुस्तकात याला द्रव्य अक्षय्यतेचा नियम म्हणतात. नाव जड आहे, पण अर्थ एवढाच की अभिक्रियेत अणू नवीन जन्माला येत नाहीत आणि मरतही नाहीत, फक्त जोडीदार बदलतात.

आणि हे एकदा कळलं ना, की समीकरण संतुलित करणं म्हणजे काय ते आपोआप कळतं. आम्हाला शाळेत ते आकड्यांचं कोडं म्हणून शिकवलं गेलं, इकडे २ टाक, तिकडे ३ टाक, जुळलं की पुढचं. का जुळवायचं ते कुणी सांगितलंच नाही. आता बघा, डावीकडे मॅग्नेशिअम आणि ऑक्सिजन, उजवीकडे मॅग्नेशिअम ऑक्साइड. हवेतला ऑक्सिजन जोडीनं फिरतो, एका रेणूत २ अणू, आणि मॅग्नेशिअम ऑक्साइडच्या सूत्रात ऑक्सिजन एकच. मग दुसरा गेला कुठे? तो हरवू शकत नाही. म्हणून मॅग्नेशिअमचे २ अणू घ्यायचे, उजवीकडेही २ ऑक्साइड. झालं. आणि सूत्राच्या पायाशी असलेला छोटा आकडा का बदलायचा नाही, तर तो बदलला की पदार्थच बदलतो. पाण्यात हायड्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचा १ अणू, त्या ऑक्सिजनच्या १ चे २ केले की झालं हायड्रोजन पेरॉक्साइड. समीकरण जुळवायच्या नादात पाण्याचं पेरॉक्साइड करून टाकायचं नाही!

वजनंही याच हिशेबातून येतात. मॅग्नेशिअमचं अणुवस्तुमान २४, ऑक्सिजनचं १६, म्हणून २४ ग्रॅमला १६ ग्रॅम, म्हणून २.४ ला १.६. आपल्या त्या छोट्या फितीत साधारण ६ वर २२ शून्यं एवढे अणू आहेत, एकेक मोजणं शक्यच नाही, तराजूच ते मोजून देतो. मोल ही कल्पना, म्हणजे अणूंचा ठरावीक संख्येचा गठ्ठा, त्यासाठीच आहे.

पण जोडीदार बदलायचं कारण काय? मॅग्नेशिअमकडे १२ इलेक्ट्रॉन, मांडणी २, ८, २. बाहेरच्या कक्षेतले ते शेवटचे २ त्याच्या हातून सहज सुटतात. ऑक्सिजनची मांडणी २, ६, त्याला ८ पूर्ण करायला नेमके २ हवेत. एकानं दिले, दुसऱ्यानं घेतले, एक धन आयन, म्हणजे धन विद्युतभार असलेला अणू झाला, एक ऋण, आणि दोघं एकमेकांना घट्ट चिकटले. एवढा लख्ख उजेड पडतो तो या सगळ्या देवघेवीत बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा. इलेक्ट्रॉन देणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण, आणि दोन्ही कायम बरोबरच होतात, कारण देणारा असला तर घेणाराही लागतोच.

यात ऑक्सिजन असलाच पाहिजे असंही नाही हां. हे निळं द्रावण मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेट. यात लोखंडी खिळा घासून स्वच्छ करून सोडलाय. थोड्या वेळानं निळा रंग फिका पडत हिरवट होतो आणि खिळ्यावर लालसर थर चढतो, तांब्याचा. लोखंडाच्या अणूनं २ इलेक्ट्रॉन दिले आणि तो पाण्यात उतरला, तांब्याच्या आयनानं ते घेतले आणि तो धातू होऊन खिळ्यावर बसला. म्हणजे आग नाही, धूर नाही, तरी मॅग्नेशिअमच्या बाबतीत झालं तेच. आता वजनाचं बघा, लोखंडाचे ५६ ग्रॅम विरघळले की तांब्याचे ६३.५ ग्रॅम बसतात, म्हणजे सगळं तांबं खिळ्यावरच राहिलं तर विरघळणारा खिळा चक्क जड होतो. तेवढंच वजन द्रावणातून कमी झालेलं असतं. उलटं करून बघा, तांब्याची तार लोखंडाच्या सल्फेटमध्ये टाका, कितीही वेळ थांबा, काही होत नाही, कारण तांबं इलेक्ट्रॉन सोडायला लोखंडाइतकं राजी नसतं. धातूंची क्रियाशीलता श्रेणी पाठ करतो ती हीच यादी आहे, कोण किती सहज देतो त्याची.

आता मघाशी ज्याचं नाव निघालं ते हायड्रोजन पेरॉक्साइड. ते हळूहळू आपोआपच विघटित होत असतं, ६८ ग्रॅमचं ३६ ग्रॅम पाणी आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन, पण इतकं सावकाश की बाटलीकडे बघत बसलात तर कंटाळून जाल. या सौम्य द्रावणात मी काळी भुकटी टाकतोय, मँगनीज डायऑक्साइड, मोजून १ ग्रॅम. बघा, लगेच फसफसायला लागलं. वर धगधगती काडी धरली... भडकली, म्हणजे ऑक्सिजनच आहे.

फेस शांत होऊ दे. खाली काळी भुकटी बसलीय ती गाळून घेतली, धुतली, पूर्ण सुकवली, आणि एक कणही सांडू न देता परत तराजूवर ठेवतोय. तिनं पेरॉक्साइडला सोपा रस्ता दाखवला, पण तयार झालेल्या पाण्यात किंवा ऑक्सिजनमध्ये तिचा एकही अणू गेला नाही. काटा थांबू दे... १ ग्रॅम.