दोराच्या पलीकडे कोण उभं आहे?

नमस्कार मंडळी. गणवेशात आलेल्या मुलामुलींनो, तुम्हाला वेगळा नमस्कार. मी बोलणार आहे तुमच्याबद्दल, पण ते ऐकायचं आहे तुमच्या आईबाबांनी.

गेली नऊ वर्षं मी स्काऊटच्या कामात आहे. सुरुवातीला नुसता पालक म्हणून, आणि मग कब पॅकचा, म्हणजे लहान मुलांच्या गटाचा, 'अकेला' म्हणजे प्रमुख म्हणून. दरवर्षी शेवटच्या महिन्यात मला हमखास एक फोन येतो. "मुलाचं कबमधलं सगळं पूर्ण झालंय. त्या पुढच्या गटात जायच्या कार्यक्रमाला यायलाच हवं का? बिल्ला नंतर घेतला तर चालेल ना?" बिल्ला नंतरही मिळतो, त्याची काळजी नाही. पण त्या संध्याकाळी जे घडतं ते नंतर देता येत नाही. हे मला स्वतःच्या चुकीतून कळलं, म्हणून आधी ती चूक सांगतो.

एका वर्षी हॉल मिळाला नाही, परीक्षा जवळ आल्या होत्या, आणि मी कार्यक्रमच रद्द केला. बिल्ले आणि प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरली आणि पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतून वाटली. दहा मिनिटांत काम उरकलं. सगळे गेले, एक मुलगा मात्र पिशवी हातात घेऊन तिथेच उभा राहिला. म्हणाला, "मग आता मी कब आहे की स्काऊट?" मी म्हटलं, "स्काऊट!" त्याने गळ्यातल्या कबच्या स्कार्फला हात लावला आणि विचारलं, "मग हा कधी काढायचा?"

मला उत्तर देता आलं नाही. तो ट्रूपमध्ये, म्हणजे मोठ्या मुलांच्या स्काऊट गटात, एकदा जाऊन आला, पुन्हा गेला नाही. त्यामागे आणखीही कारणं असतील. पण स्कार्फ कधी काढायचा हे त्याला सांगणं माझं काम होतं, आणि ते मी केलं नव्हतं.

आता हा उंबरठा आहे तरी कशासाठी, ते बघू. ऑगस्ट 1907 मध्ये इंग्लंडच्या ब्राऊनसी बेटावर स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचा पहिला तळ टाकला. पुढे मोठ्या मुलांचे ट्रूप निघाले, तशी त्यांची धाकटी भावंडंही मागे लागली, आम्हालाही घ्या म्हणून. त्यांच्यासाठी 1916 मध्ये वुल्फ कब सुरू झालं. त्याचं सगळं विश्व किपलिंगच्या जंगलकथांतून घेतलेलं आहे. 'अकेला' हे नाव तिथलंच, लांडग्यांच्या कळपाच्या म्होरक्याचं. म्हणजे जवळजवळ सुरुवातीपासूनच या चळवळीत दोन घरं आहेत आणि मध्ये एक दार आहे.

ही दोन घरं खूप वेगळी आहेत. कबमध्ये खेळ मोठी माणसं ठरवतात, गोष्ट मोठी माणसं सांगतात, बुटाची नाडी सुटली तर कोणीतरी वाकून बांधतं. ट्रूपमध्ये मुलं लहान लहान संघांत विभागलेली असतात आणि संघाचा नायक हाही एक मुलगा किंवा मुलगीच असते. तंबू कुठे ठोकायचा, चूल कोण पेटवणार, भांडण कसं मिटवायचं, हे तेच ठरवतात. आम्ही मोठे लांब उभे राहतो, आणि लांब उभं राहणं हेच आमचं शिक्षण असतं. कालपर्यंत मोठ्यांचं बोट धरून चालणारं मूल उद्यापासून मुलांच्या हाती जातं. दहा-अकरा वर्षांच्या जीवाला ही उडी साधी नाही. माझ्या पाहण्यात बरीच मुलं इथेच गळतात.

म्हणून हा विधी. देशोदेशी त्याचं रूप निराळं आहे. अमेरिकेत एक छोटा लाकडी पूल मांडतात आणि कब तो ओलांडतात. सॅन फ्रान्सिस्कोत तर गर्ल स्काऊट मुली खऱ्या गोल्डन गेट पुलावरून चालत पुढच्या गटात जातात. गर्ल गाईड या मुलींच्या चळवळीत ब्राउनी, म्हणजे लहान गटातल्या मुली, कापडी पंख लावून पुढे 'उडून' जात, तिथे पूल नव्हता, आकाश होतं. आणि आपल्या भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये बुलबुल, म्हणजे लहान गटातल्या मुलींच्या टप्प्यांची नावंच कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख अशी आहेत. मला ही नावं फार आवडतात.

आमच्याकडे पूल नाही, जाड दोर आहे. जमिनीवर आडवा टाकतो. अलीकडे कबचा गोल, पलीकडे घोड्याच्या नालेच्या आकारात ट्रूप. मी मुलाला हाताला धरून दोरापर्यंत नेतो, त्याच्या गळ्यातला वॉगल, म्हणजे स्कार्फ अडकवायची कडी, खाली ओढतो आणि कबचा स्कार्फ काढून त्याच्या आईबाबांच्या हातात देतो. मग त्याचा हात सोडतो. दोर त्याने एकट्याने ओलांडायचा.

मधले काही क्षण मुलाचा गळा रिकामा असतो. माझ्या मते सगळा कार्यक्रम त्या क्षणांसाठी असतो. ते मूल आता कब राहिलेलं नसतं आणि स्काऊटही झालेलं नसतं. काही मुलं मागे वळून बघतात. एका मुलीने दोन्ही हातांनी आपला गळाच झाकून घेतला होता. पलीकडून तेरा वर्षांची संघनायिका नवा स्कार्फ घेऊन पुढे आली. तिच्या बोटांना कंप सुटला होता, वॉगल दोनदा निसटला. शेवटी स्कार्फ बसला. तिने डावा हात पुढे केला, कारण स्काऊट डाव्या हाताने हस्तांदोलन करतात, आणि हळूच म्हणाली, "आपला संघ त्या खांबापाशी आहे. तुझी जागा माझ्या शेजारी." त्या दोघी गेल्या, आणि त्या मुलीने पुन्हा मागे पाहिलं नाही.

पिशवीतून हे देता आलं नसतं. त्या मुलाला माझ्याकडून बिल्ला मिळाला होता, पण पलीकडे त्याची वाट बघणारं कोणी नव्हतं.

जाता जाता ईगल स्काऊटबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या स्काऊटच्या सर्वोच्च श्रेणीबद्दल बोलतो, कारण कॉलेजच्या अर्जासाठी त्याचा उपयोग किती, हे मला फार विचारलं जातं. वेगवेगळ्या विषयांतले एकवीस मेरिट बॅज म्हणजे बिल्ले, समाजोपयोगी प्रकल्प, आणि हे सगळं अठराव्या वाढदिवसाआधी. मान मोठा आहेच. पण त्याच्या समारंभाला गेलात तर एक गोष्ट नीट बघा. मुलगा स्वतः आईबाबांना पिन लावतो, आणि आणखी एक पिन आपल्याला घडवणाऱ्या माणसाला देतो. ते माणूस कोण, हे तोच ठरवतो. अर्जात त्याला रकाना नसतो.

पालकांना माझं मागणं थोडंच आहे. वेळेवर या आणि शेवटपर्यंत थांबा, आपल्या मुलाने दोर ओलांडला की लगेच उठू नका. दोरापाशी फोन खाली ठेवा, मुलाला तुमचा चेहरा दिसू द्या. हातात दिलेला जुना स्कार्फ जपून ठेवा. आणि लहान भावंडांना पुढे बसवा, पुढच्या वर्षी तीच दोराशी येणार आहेत. भाषणं आम्ही कमी करू, हा माझा शब्द. बिल्ल्यांची यादी वाचत बसलो तर मुलं पेंगतात, ते मी पाहिलं आहे.

या वेळी सात मुलं दोर ओलांडणार आहेत आणि पलीकडे उभे राहायला संघनायक पाचच आहेत. इथे बसलेल्यांपैकी जे पूर्वी स्काऊट होते, आता सोळा-सतरा वर्षांचे आहेत आणि ज्यांचा गणवेश अजून अंगाला होतो, त्यांच्यातले दोघं मला हवे आहेत. वॉगल लावायचा सराव आपण आधी करून घेऊ. कार्यक्रम संपला की मी दाराजवळ थांबतो.