यादी मराठीत, बाजार हिंदीत

नमस्कार. मला सांगितलंय की जुन्या बाजाराबद्दल अर्धा तास बोला आणि लोकांना रडवू नका. रडवायचं काय, मला तर लहानपणी बाजारात जायचा भयंकर कंटाळा होता, ते आधीच सांगून टाकते. आता सगळे म्हणतात काय ते दिवस, काय तो बाजार. अहो, पाय दुखायचे, थैलीचे बंद हातात रुतायचे आणि आजी प्रत्येक दुकानात अर्धा तास बसायची.

आपल्या ग्वाल्हेरच्या लष्करची गंमत म्हणजे हे गाव बाजारासाठी वसलंच नव्हतं. 1810 च्या सुमाराला दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून येऊन किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, ती परत उठलीच नाही, तिचंच शहर झालं आणि नावही लष्करच राहिलं. म्हणून तर बघा, फालका बाजार, पाटणकर बाजार, चिटणीस की गोठ. गोठ म्हणजे आपला गोट, सरदाराचा तळ, इथल्या जिभेवर त्याचा गोठ झाला. आणि दाना ओली! मला तर वाटतं ती आपली दाण्याची ओळच आहे, ळ म्हणता आला नाही म्हणून ल. म्हणजे गल्ल्यांची नावं निम्मी मराठी, पण गल्लीत शिरलं की भाव हिंदीत. आणि आमच्या घरची यादी मराठीत. आज मला मुख्य सांगायचंय ते ह्या यादीबद्दल.

यादी आजोबा लिहायचे. पाठकोऱ्या कागदावर, बारीक अक्षर, शेजारी वजन. साठच्या दशकातली गोष्ट सांगते आहे मी. नवे पैसे 1957 ला आले होते, किलो-ग्रॅम 1962 पासून सक्तीचे झाले, पण आजोबांच्या कागदावर पावशेर नि छटाक बराच काळ टिकून होते आणि आजी दुकानात चार आणे, आठ आणेच म्हणायची. तर कागद घेऊन आई, आजी नि मी बाड्यावर उतरायचो. महाराज बाडा, लष्करचा मुख्य चौक, म्हणजे आमच्यासाठी घड्याळातला बारा होता, तिथून कुठेही जा. वह्या व्हिक्टोरिया मार्केटमधून. सोन्याचं काही असलं तर सराफा, तेही वर्षाकाठी एकदा, बांगडी वाढवायला नाहीतर मोडायला. कपड्यांचं मी फार बोलत नाही कारण मला त्यातलं कळत नाही, फक्त एवढं आठवतं की दुकानात पांढऱ्या गादीवर आजी पाय दुमडून बसायची, चंदेरीची थप्पी उलगडून घ्यायची, काठ उलटा करून मागची वीण बघायची आणि शेवटी एकही न घेता उठायची. दुकानदार हसून म्हणायचा, फिर आइए बाई साहब. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण खरी मजा पंसाऱ्याकडे, म्हणजे मसाले-किराणावाल्याकडे. ते दुकान म्हणजे एक लांबट बोळच होता, दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे, आत इतका अंधार की सेठजी वासावरून माल काढतात असं मला वाटायचं. आणि कदाचित काढतही असतील. आपला गोडा मसाला करायचा तर यादी काय असणार? धणे, जिरे, तीळ, खोबरं, लवंग, दालचिनी, तमालपत्र, नागकेशर, दगडफूल. आता हे तिथे बोलायचं कसं? खोबरं म्हटलं की सेठजी बघत राहायचे, गोला म्हणावं लागायचं. तमालपत्राचा तेजपत्ता. ओव्याची अजवाइन. चारोळीची चिरौंजी. आई घरून निघतानाच मनातल्या मनात यादीचं भाषांतर करत यायची, पण दगडफुलाला अडली. दगडाचं फूल, पत्थर का फूल, असं भीत भीत म्हणाली, तर सेठजी म्हणाले, हाँ हाँ पत्थरफूल, और क्या! आई इतकी खूश झाली की घरी येईपर्यंत तेच सांगत होती. (तसं ते फूल नाहीच म्हणा. लायकेन म्हणतात, दगडांवर, झाडांच्या सालींवर वाढतं. हातात घेतलं तर वाळलेल्या पापुद्र्यासारखं, काळपट-करडं, कच्चं हुंगलं तर मातीचा वास. तेलात पडलं की मग कळतं त्याला का शोधत हिंडायचं.)

पुडीसुद्धा बघण्यासारखी असायची. वर्तमानपत्राचा तुकडा, मधे माल, चार घड्या, वरून टांगलेल्या रिळाचा दोरा दोन फेरे आणि बोटाने असा झटका द्यायचे की दोरा तुटायचाच. मी घरी कितीदा करून बघितलं, बोट कापलं, दोरा नाही तुटला.

मिळायचं नाही ते आमसूल. ते कोणीतरी मुंबईहून पंजाब मेलने यायचं त्याच्या ट्रंकेतून यायचं आणि सगळ्या कपड्यांना वास लागलेला असायचा. स्टेशनवर पाहुण्याआधी ट्रंकेकडे बघायचो आम्ही. उलट इकडून जाताना त्यांना गजक बांधून द्यायची, मुरैन्याची, थंडीतली, तीळ-गूळ कुटून कुटून पापुद्रे काढलेली. संक्रांतीला आमच्याकडे बऱ्याच घरी तिळगूळ घ्या म्हणून हातावर गजकच ठेवायचे. पुण्याच्या नातेवाइकांना ते पटायचं नाही, एक तुकडा खाल्ला की पटायचं. मेळ्यातूनही आणायचो, पण 1905 पासूनचा तो मेळा हा वेगळाच विषय आहे, त्यात शिरले तर रात्र होईल.

आता माझा पराक्रम. मी नऊ-दहा वर्षांची, दिवाळी तोंडावर, चिवड्याचं सगळं काढलेलं आणि डाळं राहिलं. आई म्हणाली, भडभुंज्याकडून पावभर डाळं आण पटकन. भडभुंजा लांब होता, आणि तिथे उभं राहायचं म्हणजे भट्टीची धग, तापलेली वाळू कढईत, त्यात चणे टाकले की तडतड उडायचे, चाळणीतून वाळू खाली आणि तो परत ढवळतोय, आपला नंबर काही येत नाही. मी म्हटलं कशाला एवढं, कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि ऐटीत म्हणाले, पाव भर चने की दाल दे दो। त्याने दिली. माझा काय दोष, डाळं म्हणजे डाळच की! आई तळणीत गुंतलेली, वीज गेलेली, कंदिलाच्या उजेडात ताईने पुडी उघडली आणि सरळ फोडणीत ओतली. दुसऱ्या दिवशी आजोबांनी पहिला घास घेतला. कवळी होती त्यांना. काही बोलले नाहीत, फक्त तोंडातून एक दाणा काढून बशीच्या कडेला ठेवला, मग दुसरा, मग तिसरा, आणि आईकडे बघून म्हणाले, सूनबाई, यंदा चिवड्यात खडे कुठल्या दुकानातून आणले?

अख्खी दुपार मी परातीत चिवडा पसरून कच्ची डाळ वेचत बसले होते. बाहेर फटाके वाजतायत आणि मी डाळ वेचतेय. तरी पंधरा दिवस अधूनमधून कडकन आवाज यायचा आणि सगळे माझ्याकडे बघायचे.

व्हिक्टोरिया मार्केट 2010 मधे जळलं ते तुम्हाला माहीतच आहे. इमारत पुन्हा उभी केली, आता आत भूविज्ञानाचं म्युझियम आहे. मी बघून आले, छान आहे, पण काचेमागे मांडलेले दगड बघताना मी उगाचच चाळीस पानी वहीचा रकाना कुठे असेल ते शोधत होते.

तिथून निघाले तशी त्या पंसाऱ्याच्या बोळात गेले. गल्ल्यावर विशीतला मुलगा, कानात ते वायरशिवायचं काहीतरी, मागे ट्यूबलाइट, डब्यांच्या जागी प्लास्टिकच्या बरण्या. पत्थरफूल है क्या विचारलं, तर त्याने न बघता हात मागे नेऊन बरोब्बर बरणी काढली. पन्नास ग्रॅम घेतलं. मग म्हटलं, भुनी चना दाल भी दे दो। त्याने वजन केलं, पिशवी पुढे केली, मोबाइलवर स्कॅन करायला कोड दाखवला. मी म्हटलं थांब बेटा. एक दाणा काढला आणि त्याच्यासमोर चावून बघितला, मग पैसे दिले.