पहिला ड्रोन पाडण्यासाठी घ्यावा

श्रोतेहो, नमस्कार.

भाऊबीजेला बहिणीनं ओवाळलं, मी ताटात पाकीट ठेवलं आणि पाटावरून उठणार, तेवढ्यात भाची पुढे सरकली. नववीत आहे. म्हणाली, "मामा, आईचं झालं. आता माझं. मला ड्रोन पाहिजे. कॅमेऱ्याचा."

माझा बडोद्यात, रावपुऱ्याला फोटो स्टुडिओ. लग्नं, मुंजी, साठीशांती टिपण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे ज्या वस्तूला भिंग आहे ती मामाला कळते, असं घरात सगळ्यांनी धरूनच टाकलंय. खरं सांगायचं तर मीही तसंच धरलं होतं. म्हणून ड्रोन निवडताना मी आधी कॅमेरा पाहिला, आणि तिथेच फसलो.

खोक्यावर ठळक अक्षरांत '४के' छापलेलं. किंमत चार हजारांच्या आत. एरवी गिऱ्हाइकाला अक्कल शिकवणारा मी, त्या आकड्याला भुललो. ४के म्हणजे चित्राच्या आडव्या ओळीत ३८४० ठिपके. इथे भिंग मोहरीएवढं. स्वस्तातल्या पुष्कळ खेळण्यांत बारकं चित्र ताणून मोठं करतात आणि मोठा आकडा छापून मोकळे होतात. शिवाय चित्र वायफायवरून फोनमध्ये उतरतं. ड्रोन जरा लांब गेला की ते अडखळतं. आणि कॅमेरा हलू नये म्हणून महागड्या ड्रोनला जो गिंबल असतो, म्हणजे कॅमेऱ्याला तोलून धरणारा झुला, तो इथे नाहीच. मोटरींची थरथर सरळ चित्रात उतरते. आमच्या वाड्याचं पहिलं चित्रीकरण पाहिलं तर समोरच्या घराची भिंत ताटातल्या खरवसासारखी हलत होती. पाचव्या दिवशी तो ड्रोन शेजारच्या चिंचेवर जाऊन बसला. अजून तिथेच आहे. आता त्याच्यावर कावळ्यानं काटक्या रचल्यात.

दुसऱ्या खेपेला मी कॅमेरा बाजूला ठेवला. तुम्हीही तसंच करा, असं माझं अगदी स्पष्ट मत आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा पहिला ड्रोन फोटो काढायला नसतो, तो पाडायला असतो. तो भिंतीवर, पंख्यावर, पडद्यात, आजीच्या तुळशीत पडणार. तेव्हा विचारायचं ते हे, की पडल्यावर तो पुन्हा उभा राहतो का? पात्यांभोवती जाळीचं किंवा कड्याचं संरक्षण आहे का? सुटी पाती मिळतात का, आणि चार महिन्यांनीही मिळतील का? दुकानदार "मिळून जाईल" म्हणाला तर तिथल्या तिथे चार पाती आणि एक जादा बॅटरी बांधून घ्या. बॅटरी तर हवीच. लहान ड्रोन सात-आठ मिनिटं उडतो आणि तासभर चार्जिंगला बसतो; एकाच बॅटरीवर पोराचा उत्साह टिकत नाही.

दुसरी गोष्ट पाहायची ती त्याच्या पोटाखाली. तिथे खाली बघणारा बारीक कॅमेरा असेल तर घ्या. त्याला फोटो काढता येत नाहीत. तो जमिनीवरची नक्षी पाहत राहतो, आणि नक्षी सरकली की ड्रोनला कळतं, आपण वाहवत चाललोय. मग तो स्वतःला सावरतो. आता आमच्याकडची गंमत ऐका. दिवाणखान्यात पांढरी, चकचकीत फरशी. बहिणीनं आदल्या दिवशीच पुसून आरसा केलेली. भाचीनं ड्रोन कमरेइतका उचलला, रिमोटच्या दांड्या सोडल्या, तर हा गडी हळूहळू शोकेसकडे निघाला. पुन्हा उचलला, पुन्हा शोकेसकडे. ड्रोन बिघडलाय म्हणून परत करायला निघालो होतो. मग डोक्यात आलं, गुळगुळीत पांढऱ्या फरशीत त्या बिचाऱ्याला धरायला काही दिसतच नाही! माळ्यावरून लग्नकार्यातली पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी काढली, अंथरली. ड्रोन तिच्यावर असा थांबला, जणू छताला दोऱ्यानं टांगलाय. पाण्यावरही हीच अडचण येते. हलत्या, चमकत्या पाण्यावर त्याला नीट काही धरता येत नाही, त्यामुळे आपला सूरसागर तलाव कितीही सुंदर दिसत असला तरी ते नवशिक्याचं काम नव्हे.

पात्यांचंही सांगतो. चार पाती दिसायला सारखी, पण सारखी नसतात. दोन उजवीकडे फिरतात, दोन डावीकडे. कोपऱ्याकोपऱ्यातली समोरासमोरची जोडी एका दिशेची. प्रत्येक पात्याच्या बुडाशी ए किंवा बी असं बारीक अक्षर असतं. भाचीनं तुटलेलं पातं बदललं आणि घाईत भलतंच बसवलं. ड्रोन सुरू केला तर उडेचना, जागच्या जागी कोलांटी मारून उताणा. तीन वेळा तेच. मग मी स्टुडिओतलं भिंग आणलं, आणि आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून ते अक्षर वाचलं. चूक तिची तिनंच काढली. त्या दिवसापासून घरात कुणी उलटंसुलटं बोललं की ती म्हणते, "ए-च्या जागी बी लागलंय." आणि हो, केस लांब असतील तर वेणी घालूनच उडवायचं. मोटरीच्या दांड्याला केस गुंडाळला की मोटर कण्हायला लागते. आमच्याकडचा चिमटा आता भुवयांपेक्षा मोटरींसाठीच जास्त वापरला जातो.

उडवायला शिकणं सायकलसारखं आहे, फक्त एक मेख आहे. ड्रोनचं तोंड आपल्यापासून पलीकडे असतं तोवर डावं ते डावं, उजवं ते उजवं. त्यानं तोंड आपल्याकडे वळवलं की सगळं उलटं. इथेच सगळे धडपडतात. ही उलटापालट टाळायला काही ड्रोनमध्ये 'हेडलेस' नावाची सोय असते. माझं मत विचाराल तर ती बंदच ठेवा. सायकलची आधाराची चाकं जितकी उशिरा काढाल तितकं पोर उशिरा शिकतं.

आता आकाश. वडोदऱ्यात ड्रोन घेणाऱ्यानं ड्रोनच्या आधी आकाश मोजावं, असं मी म्हणतो, त्याला कारण आहे. आपलं विमानतळ हरणीला, म्हणजे शहराला चिकटून. मांडवीपासून सरळ रेषेत पाच किलोमीटरही नाही. इथेच हवाई दलाचा तळ आहे, आणि सी-२९५ लष्करी विमानांचा कारखानाही २०२४च्या ऑक्टोबरपासून आपल्याच शहरात आहे. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे देशभराचं आकाश हिरवं, पिवळं आणि लाल असं वाटून दिलंय. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर त्याचा नकाशा आहे. हिरव्यात चारशे फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पण विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळं लागतं, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त दोनशे फुटांपर्यंत हिरवं. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच. आता हे आठ किलोमीटर आपल्या नकाशावर टाकून बघा. मांडवी, दांडिया बाजार, रावपुरा, सयाजीबाग, सगळं आत! तुमची अगाशी हिरव्यात आहे असं गृहीत धरू नका, नकाशा उघडून घराचं ठिकाण बघा. तो बदलतोही, म्हणून दर वेळी बघा. सणासुदीला, कुणी मोठी व्यक्ती येणार असली की पोलिसांची तात्पुरती बंदीही येते.

वजनाचंही तसंच. अडीचशे ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' वर्गात. त्याला चालकाचा परवाना लागत नाही. त्याच्यावर, दोन किलोपर्यंत 'मायक्रो'. तिथे हौसेसाठी परवाना नको, पण पैसे घेऊन काम करायचं तर हवा, आणि तो वयाची अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. नोंदणीचा क्रमांकही घ्यावा लागतो. मुलांसाठी अडीचशेच्या आतलाच घ्यावा. खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, त्यात कधी बॅटरी धरलेली नसते, कधी जाळ्या. आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर, बहीण साबुदाणा मोजत होती तिला थांबवून, बॅटरी आणि जाळ्यांसकट ठेवला. शंभराच्या आत भरला. बहीण म्हणाली, "एवढ्याशाला एवढे पैसे?"

उत्तरायणाचं वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. १४ आणि १५ जानेवारीला ड्रोन कपाटात. वरून पतंगांचा फोटो काढायचा मोह मलाही झाला होता, पण काच लावलेली दोरी पात्यात अडकली की ड्रोन दगडासारखा कुणाच्या तरी डोक्यावर येतो, आणि त्या दिवशी खाली डोकी किती असतात! पुढचे पंधरा दिवसही झाडांवर, तारांवर दोऱ्या लोंबत असतात. मात्र उत्तरायणाचा एक फायदा आहे. आपल्या पोरांना वारा कळतो. अगाशीवर बोट ओलं करून वारा कुठून येतोय ते सांगणारं पोर ड्रोन लवकर शिकतं. शंभर ग्रॅमचा ड्रोन पतंगाच्या वाऱ्यात टिकत नाही. पतंग उडणार नाही असा दिवस ड्रोनचा.

बॅटरीबद्दल पालकांनी ऐकावं. लिथियम पॉलिमरची असते, हलकी आणि तापट. पलंगावर, सोफ्यावर चार्जिंगला लावायची नाही, फरशीवर लावायची, आणि कुणीतरी घरात जागं असताना. उडवून आलेली गरम असते, ती निवल्याशिवाय चार्ज करायची नाही. पुरीसारखी फुगली की संपली. टोचून बघायचं नाही. महिनाभर उडवणार नसाल तर पूर्ण भरून ठेवू नका, निम्मीच ठेवा. मे महिन्यात आपल्या बडोद्याच्या उन्हात मोटारीत विसरू नका. विमानानं जाताना जवळच्या पिशवीत.

आता अमेरिकेतला भाचा किंवा दुबईचा मेव्हणा. आपल्याकडे घरटी एक असतोच, आणि तो म्हणतो, "मी आणतो ना!" नको म्हणा. ९ फेब्रुवारी २०२२पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना तेवढी सूट. बाजारात विनापावती "बाहेरचा माल" दाखवतात, त्यात ना हमी, ना दुरुस्ती. पावती मिळेल तेच घ्या.

मग कॅमेरा कधी? आमचा करार असा ठरला, की सतरंजीवरच्या वीस बॅटऱ्या पडझडीशिवाय उडवल्या की चांगल्या कॅमेऱ्याचा विचार. तोवर फोनवर फोटो. दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले ते आपल्याच बडोद्याच्या कलाभवनात. तेव्हाच्या कॅमेऱ्यांना तिपाई लागायची आणि फिल्मच्या जागी असलेली काच बदलायला वेळ, म्हणून माणूस आधी बघायचा आणि मग टिपायचा. तिला मी तेवढंच सांगितलं, आधी गच्चीच्या कठड्यावरून खाली बघ. सावली कुठे पडते, सकाळी आठला रस्ता कसा दिसतो, दुपारी बाराला सगळं सपाट का होतं. वरून काढलेल्या फोटोत सावली हाच विषय असतो, हे तिला ड्रोनच्या आधी कळलं.

अठराव्या बॅटरीला ती पडली. म्हणजे ड्रोन पडला, रडली ती. मोजणी पुन्हा एकपासून.

फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही पादऱ्याकडे मित्राच्या शेतावर गेलो. विमानतळापासून बारा किलोमीटरच्या बाहेर, नकाशा बघून. या वेळी जीपीएसवाला, गिंबलवाला, पण अडीचशेच्या आतलाच ड्रोन, माझ्या ओळखीच्या एकाचा, उसना. उपग्रह सापडेपर्यंत तिनं तो बांधावर ठेवला. मित्र म्हणाला, पंपघराच्या गच्चीवरून उडव. ती म्हणाली, "नाही काका, स्लॅबमध्ये सळया असतात, कंपास फसतो." घरी परतायची उंची तिनं शेतातल्या आंब्यापेक्षा वर लावली, कारण परतीचं बटण दाबलं की तो आधी सरळ वर चढतो, मग येतो; मध्ये झाड असेल तर झाडात. वर दोन घारी घिरट्या घालत होत्या. त्या लांब जाईपर्यंत तिनं उडवलाच नाही. मी घड्याळ बघत होतो.

एक फोटो काढला. साठ फुटांवरून तुरीचं शेत, मधून पाटाची रेघ, आणि रेघेच्या टोकाला एक लांबलचक सावली, कपाळावर हात धरून वर बघणारी. सावलीला पोट जरा जास्तच आहे. तो फोटो मी मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावलाय. उसना ड्रोन त्याच संध्याकाळी पुसून परत केला. आणि सतरंजीवरची मोजणी परवा तेराव्या बॅटरीपर्यंत आली आहे.

नमस्कार.