दोघांनी मिळून निवडलेला माणूस

नमस्कार, श्रोतेहो.

सातपूरच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं पर्सोनेल खात्यात होतो. युनियनची मंडळी आणि आम्ही समोरासमोर बसलो, बोलणी अडली, की कोणीतरी टेबलावर हात आपटून म्हणायचं, "मग द्या लवादाकडे!" आणि खोली एकदम गप्प व्हायची. लवाद म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. समेट अधिकारी समजूत घालतो, जमलं तर करारावर सह्या घेतो, नाही जमलं तर सरकारला अहवाल पाठवून मोकळा होतो. लवाद निवाडा देतो, आणि तो दोघांनाही पाळावा लागतो.

लवादाची गोष्ट सांगताना मी नेहमी १९१८ च्या अहमदाबादला जातो. कामगारांनी शहर सोडू नये म्हणून प्लेगच्या दिवसांत गिरणीमालकांनी त्यांना बोनस दिला होता. साथ ओसरल्यावर तो बंद करायचं ठरलं, महागाई मात्र तिथेच. मालक २० टक्के वाढ द्यायला तयार. कामगार मागत होते ५०, त्यांना गांधीजींनी हिशेब मांडून ३५ वर आणलं. लवाद मंडळ आधी नेमलंही होतं. दोन्ही बाजूंचे तीन-तीन जण आणि त्यांचं जमलं नाही तर निकाल देणारा सरपंच म्हणून कलेक्टर. पण काही गिरण्यांत कामगारांनी घाईघाईने काम थांबवलं आणि मालकांनी तेवढ्यावरून मंडळच मोडलं. मग २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदी, साबरमतीकाठी बाभळीखाली रोजच्या सभा, आणि १५ मार्चला गांधीजींचं उपोषण. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई, तर कामगारांच्या बाजूला त्यांचीच सख्खी बहीण अनसूयाबेन. त्या घरात जेवणं कशी होत असतील, असं मला नेहमी वाटतं.

तीन दिवसांनी तोडगा निघाला. पहिल्या दिवशी ३५ टक्के, म्हणजे ३५ मिळाल्याशिवाय कामावर जाणार नाही ही कामगारांची शपथ राहिली. दुसऱ्या दिवशी २०, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून निवाडा येईपर्यंत साडेसत्तावीस, म्हणजे बरोबर मधला आकडा. पुढचं लवाद ठरवेल. आणि लवाद कोण, तर प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव. संस्कृतचे पंडित, पुढे बनारस हिंदू विद्यापीठात प्र-कुलगुरू झाले. गिरणीच्या धंद्याशी त्यांचा संबंध नव्हता, पण दोन्ही बाजूंचा त्यांच्यावर विश्वास होता. ऑगस्टमध्ये त्यांनी निवाडा दिला, ३५ टक्के. साडेसत्तावीस हा आकडा समोर तयार होता, त्यावर शिक्का मारून ते मोकळे होऊ शकले असते. तसं त्यांनी केलं नाही.

कायद्यात हे यायला वेळ लागला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली कलम १०-अ घातलं गेलं. मालक आणि कामगार लेखी करार करतात, त्यात लवादाचं नाव घालतात, कराराची प्रत सरकारकडे आणि समेट अधिकाऱ्याकडे जाते. लवाद दोन किंवा चार असतील तर त्यांच्यात मतभेद झाल्यास निकाल देणारा सरपंचही आधीच ठरवावा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यातही ही ऐच्छिक लवादाची वाट ठेवली आहे. लवादाचा शब्द अगदी शेवटचा मात्र नाही. अहमदाबादजवळच्याच गुजरात स्टील ट्यूब्जच्या प्रकरणात लवादाने शेकडो कामगारांची बडतर्फी उचलून धरली होती. उच्च न्यायालयाने तो निवाडा फिरवला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही लवादाची बाजू घेतली नाही.

आता आमच्या कारखान्याचं सांगतो. ग्राइंडिंग शॉपमधल्या हेल्परांचं म्हणणं होतं, काम आम्ही ऑपरेटरचं करतो, ग्रेड मात्र हेल्परची. कामगार न्यायालयात वर्षं जातील म्हणून दोघांनीही लवाद कबूल केला. निवृत्त न्यायाधीश होते. खरं सांगायचं तर नाव आम्हीच सुचवलं होतं, आणि युनियनने तीन दिवस चौकशी करून होकार दिला. फी निम्मी-निम्मी.

गेस्ट हाउसमध्ये सुनावणी. आमच्याकडून जॉब डिस्क्रिप्शनच्या फायली, त्यांच्याकडून पगारस्लिपांचा गठ्ठा. साहेबांनी दोन्ही बाजूला सारलं आणि विचारलं, "दुसरी पाळी किती वाजता लागते?" त्या दिवशी संध्याकाळी ते कोणाला न सांगता शॉपवर येऊन उभे राहिले. चाळीस मिनिटं. मग एका पोराला विचारलं, "बाळ, या चाकाला डायमंड कोण मारतं?" चाक घासून सरळ करणं हे ऑपरेटरचं काम, आमच्या फायलीत तसंच लिहिलेलं. पोरगं म्हणालं, "मीच की साहेब. ऑपरेटर पलीकडच्या मशीनवर असतो." साहेबांनी लॉगबुक मागवलं. मागच्या चार महिन्यांत चाक बदलल्याच्या नोंदीखाली बहुतेक सह्या त्या हेल्परच्याच. मी शेजारीच उभा होतो, आणि त्या वहीची पानं दर आठवड्याला मीच तपासून सही करत होतो.

निवाडा आमच्या विरुद्ध गेला. डायरेक्टर साहेब चिडले, हायकोर्टात जाऊ म्हणाले. आमच्या वकिलांनी लॉगबुकची झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "जाऊ या, पण तिथेही ही वही पहिल्यांदा मागतील." डायरेक्टर साहेबांनी झेरॉक्स उलटीपालटी करून पाहिली, खालची माझी सही वाचली, आणि मला म्हणाले, "थकबाकीचा हिशेब कोण करणार? तूच ना?"

डिसेंबरच्या पगारात ती थकबाकी गेली. नमस्कार.